कंपनीचे हक्क कोणाचे?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोख्यांची योजना एकमताने रद्द केली. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः गुप्ततेची : कोणी कोणाला किती पैसे दिले हे मतदाराला कळायला हवे की नको. त्याच निकालातला दुसरा मुद्दा मात्र मागे पडला, आणि माझ्या मते तो अधिक खोलवर जाणारा आहे. कंपनीने राजकीय पक्षाला किती देणगी द्यावी यावर पूर्वी मर्यादा होती. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. २०१७च्या वित्त कायद्याने ती उठवली. न्यायालयाने हा बदल समतेच्या हक्काविरुद्ध ठरवला, आणि त्याचे एक कारण असे दिले की देणगीच्या बाबतीत कंपनी आणि माणूस यांना एका मापाने मोजणे हीच मनमानी आहे. समतेच्या नावाने न्यायालय भेद करायला सांगते, हे वरकरणी विचित्र वाटते. म्हणून हा प्रश्न पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या जुन्या रीतीने मांडतो आहे. एका बाजूला कंपनी कायद्याचे वकील आहेत, दुसऱ्या बाजूला राज्यघटनेचा अभ्यासक. दोघेही विचारांचे प्रतिनिधी आहेत. माझा कौल अभ्यासकाकडे आहे, पण वकिलांचे म्हणणे त्यांच्याच ताकदीने यावे अशी काळजी घेतली आहे.

वकील : कंपनी ही व्यक्ती आहे, असे म्हटले की लोक हसतात. पण कायद्यात हे नवे नाही आणि परके तर मुळीच नाही. डाकोरच्या रणछोडरायाच्या मंदिराबद्दलच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ साली देवस्थानाचे कायदेशीर व्यक्तित्व मान्य केले. पुढे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानले, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने गुरू ग्रंथ साहिबलाही तेच स्थान दिले. देवाच्या नावावर शेत असते, त्याच्या वतीने दावा लागतो, आणि पुजारी बदलला तरी मालकी बदलत नाही. कंपनीचेही तसेच. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम ९ सांगते की नोंदणी झाली की कंपनीला अखंड अस्तित्व मिळते. ती स्वतःच्या नावाने मालमत्ता घेऊ शकते, करार करू शकते, फिर्याद करू शकते आणि तिच्यावर फिर्याद होऊ शकते. १८९७चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमही ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी धरतो. हे स्वतंत्र अस्तित्व आणि १८५७ साली इथे आलेले मर्यादित दायित्व नसते, तर मुंबई-सोलापूरच्या गिरण्या उभ्या राहिल्याच नसत्या. बुडाल्यावर घरदार विकावे लागणार असेल तर अनोळखी माणसांच्या धंद्यात कोण पैसे घालील? आता कायद्याने जिला व्यक्ती म्हणून जन्म दिला, जिच्याकडून कर घेतला, जिला कोर्टात खेचले, तिला हक्क देताना मात्र ‘तू खरी व्यक्ती नाहीस’ म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे.

अभ्यासक : स्वतंत्र अस्तित्वाचा उपयोग मला मान्य आहे, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. पण ते अस्तित्व कशासाठी दिले गेले ते तुमच्याच शास्त्राच्या मूळ खटल्यात पाहू. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये बुटांचा धंदा करणाऱ्या ॲरन सॉलोमनने १८९२ साली आपला धंदा एका कंपनीला विकला. त्या वेळी सात सभासद लागत. स्वतः, बायको, एक मुलगी आणि चार मुलगे अशी त्याने संख्या भरली. २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे, बाकी सहा जणांचा प्रत्येकी एक. शिवाय विक्रीच्या किमतीपैकी दहा हजार पौंडांचे तारण कर्जरोखे त्याने आपल्या नावे करून घेतले. थोड्याच काळात कंपनी बुडाली. विनातारण माल देणाऱ्यांना काहीच उरले नाही, आणि कर्जरोख्यांचा हक्क सांगणारा होता तोच सॉलोमन. खालच्या न्यायालयांनी हा बनाव म्हटला. उमराव सभेने १८९६च्या सुप्रसिद्ध निकालात सांगितले की कायद्याच्या अटी पाळल्या असतील तर कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. निकाल बरोबर होता असे मीही म्हणतो. पण तिथे काय दिले गेले? माणूस आणि त्याच्या धंद्याचे कर्ज यांच्यामध्ये एक भिंत. आणि भिंत मालकालाही अडवते. १९२५ साली निकाल लागलेल्या खटल्यात आयर्लंडमधल्या एका जमीनदाराने आपले लाकूड स्वतःच्या कंपनीला विकले, पण विमा स्वतःच्या नावाने ठेवला. आग लागली आणि विम्याचा पैसाही मिळाला नाही, कारण लाकूड त्याचे राहिलेच नव्हते. १९५४ साली मुंबईच्या बाचा गुजदर यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तोच धडा दिला. चहा कंपनीचे ६० टक्के उत्पन्न शेतीचे, म्हणून माझा लाभांशही तेवढा शेतीचे उत्पन्न धरून करमुक्त करा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालय म्हणाले, मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नाही. कलम ९मधली यादी आता पुन्हा वाचा. मालमत्ता, करार, दावे, अखंडता. धंदा चालवायला जे लागते ते सगळे तिथे आहे. मत, श्रद्धा, सदसद्विवेक यांचे नावही नाही, कारण त्यासाठी कंपनी काढतच नाहीत. माणसाचे तसे नाही. त्याचे हक्क त्याला नोंदणीच्या दाखल्याने मिळत नाहीत. राज्यघटना ते मान्य करते आणि राखते.

वकील : मग राज्यघटनेकडेच येऊ. अनुच्छेद १४ समतेचे संरक्षण ‘व्यक्ती’ला देतो, नागरिकाला नव्हे, आणि न्यायालयांनी कंपन्यांना ते दिले आहे. अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता काढून घेता येत नाही. तिथेही कंपनी येते. अनुच्छेद १९ मात्र नागरिकांसाठी म्हणून कंपनीला दार बंद. आता हे पाहा. दोन बहिणींनी भागीदारीत छापखाना काढला तर धंद्याचे स्वातंत्र्य त्यांचे मूलभूत हक्क. त्याच दोघींनी तोच छापखाना प्रायव्हेट लिमिटेड केला की त्या छापखान्याचे ते स्वातंत्र्य गेले. यंत्र तेच, शाई तीच, माणसे तीच. नोंदणीच्या एका कागदाने मूलभूत हक्क वाफ होऊन जावा, हे कोणत्या न्यायात बसते?

अभ्यासक : त्या कागदाने त्यांनी काय घेतले तेही सांगा. उद्या छापखाना बुडाला तर कागदवाल्याचे देणे त्यांच्या घरापर्यंत येणार नाही. ही सवलत घ्यायची ती ‘कंपनी म्हणजे आम्ही नव्हे’ असे म्हणून, आणि हक्क मागायचा तो ‘कंपनी म्हणजे आम्हीच’ असे म्हणून, या दोन्ही गोष्टी एका श्वासात होत नाहीत. हा प्रश्न १९६३ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात आला, आणि बहुमताने ठरले की कंपनी नागरिक नाही. १९५५चा नागरिकत्व कायदा तर आपल्या व्याख्येतच कंपनीला ‘व्यक्ती’तून वगळतो. पाठोपाठ टाटा इंजिनीअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने बिहारच्या विक्रीकराविरुद्ध दुसरा रस्ता धरला : कंपनी नागरिक नसेल, पण आमचे भागधारक नागरिक आहेत, तेव्हा पडदा बाजूला करून त्यांच्याकडे पाहा. १९६४ साली सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी हे नाकारले. हा युक्तिवाद मान्य केला तर कंपनीला थेट जे मिळत नाही ते आडवाटेने मिळेल, असे त्यांचे म्हणणे. त्या निकालात मला दिसते ते एवढेच : पडदा स्वतःच्या सोयीने वर-खाली करायची दोरी कंपनीच्या हाती द्यायची नाही. आणि तुमच्या दोन बहिणींचे काय? त्यांचा स्वतःचा हक्क थेट दुखावला असेल तर त्या माणूस म्हणून न्यायालयात जाऊ शकतात. सोलापूरचेच उदाहरण घ्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ साली बंद पडली, आणि जानेवारी १९५०मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. एका भागधारकाने आव्हान दिले. तो १९५०च्या डिसेंबरात हरला. पुढे या नव्या संचालकांनी अग्रहक्क भागांवरची उरलेली रक्कम मागितली, तेव्हा दुसरा भागधारक कोर्टात गेला आणि १९५३च्या डिसेंबरात जिंकला. ताबा घेण्याचा तो कायदाच घटनाबाह्य ठरला. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याविरुद्धही लढले ते रुस्तम कावसजी कूपर, एक भागधारक, आणि १९७० साली अकरा न्यायमूर्तींपैकी दहांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. दार बंद नाही, वकीलसाहेब. फक्त त्या दारातून माणसाने यायचे असते.

वकील : आता मात्र तुम्ही अडचणीच्या जागी आलात. वर्तमानपत्र घ्या. आज कोणतेही मोठे दैनिक एखाद्या माणसाच्या खासगी मालकीचे नसते. ते कंपनीचे असते. सरकारला संपादकाच्या तोंडाला हात लावायची गरजच नाही. कंपनीचा कागद तोडला, पाने ठरवून दिली, जाहिरातीवर बंधन घातले की काम झाले. ‘कंपनीला अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाही’ या तुमच्या तत्त्वाने वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या पायाखालचीच जमीन जाते. तीच गोष्ट विद्यापीठ चालवणाऱ्या संस्थेची, धर्मादाय कंपनीची, कामगारांच्या पतपेढीची. संस्थेला हक्क नसेल तर संघटित माणूस एकट्या माणसापेक्षा दुबळा होतो. हे तुम्हाला हवे आहे का?

अभ्यासक : हा आक्षेप खराच वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात जितके स्वच्छ मिळते तितके दुसरीकडे मिळत नाही. १९५६चा एक कायदा आणि त्याखाली निघालेला १९६०चा आदेश यांनी दैनिकाची पाने आणि किंमत यांचे गणित सरकारच्या हाती दिले. ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याला ३४ पाने देत असे. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पानांवर थांबावे लागले असते, नाहीतर किंमत वाढवावी लागली असती. छोट्या पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवायचे, हा सरकारचा सांगितलेला हेतू. न्यायालयात कोण गेले ते पाहा. प्रकाशक कंपनी तर होतीच, पण सोबत तिचे भागधारक होते, आणि वेगळ्या अर्जांनी ‘सकाळ’चे वाचकही होते. न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकरांनी लिहिलेल्या १९६१च्या निकालात कंपनी नागरिक आहे की नाही हा प्रश्न सोडवावाच लागला नाही, कारण समोर नागरिक उभे होते. पाने कमी केली की विचार कमी पोचतात, किंमत वाढवली की वाचक कमी होतात. दोन्हींनी गळचेपी होते ती बोलणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांची. १९७२ साली बेनेट कोलमनच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले : संपादक आणि भागधारक यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य वृत्तपत्रातूनच व्यक्त होते, म्हणून कंपनी मध्ये आहे एवढ्याने त्यांचा हक्क संपत नाही. माझे म्हणणे नेमके हेच आहे. संस्थेचा हक्क हा माणसांच्या हक्काचा मार्ग असतो. ज्या प्रमाणात संस्था विशिष्ट माणसांचे बोलणे, शिकणे, उपासना पुढे नेते, त्या प्रमाणात तिला संरक्षण द्यावे, आणि तेही ठामपणे. प्रत्येक कंपनी उद्या म्हणेल की आमच्यामागेही माणसे आहेत, हे मला दिसते. म्हणून विचारायला हवे की त्या माणसांनी हे बोलण्यासाठी एकत्र यायचे ठरवले होते का. ‘सकाळ’ विकत घेणाऱ्याला काय विकत घेतो ते माहीत होते. पोलाद कंपनीचा भाग घेणाऱ्याने पोलादाच्या नफ्यासाठी पैसे घातलेले असतात. मधल्या जागा धूसर आहेत आणि तिथे न्यायालयांना प्रकरणागणिक विचार करावा लागेल. तेवढी अनिश्चितता मी पत्करतो.

वकील : ठीक, पण हक्कांना कात्री लावताना जबाबदाऱ्यांचे ओझे तुम्ही विसरता. कंपनीवर फौजदारी खटला चालतो. ज्या गुन्ह्याला कैदेची सक्तीच आहे त्यातही चालतो. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तसे ठरवले. २०१०च्या इरिडियम खटल्यात तर कंपनीला गुन्ह्याचा हेतूही चिकटवता येतो असे झाले. जिला मन नाही म्हणता, तिच्या मनाला शिक्षा करता. मग त्या मनाला मत का नसावे?

अभ्यासक : तो २००५चा निकाल शेवटपर्यंत वाचला की तुमचाच युक्तिवाद उलटतो. कायदा म्हणतो कैद आणि दंड. कंपनीला कैद करता येत नाही, म्हणून नुसता दंड करा, असे बहुमताने सांगितले. त्याच गुन्ह्यात माणूस सापडला तर तो तुरुंगात जाईल. आता हा फरक कागदावरून उचलून भोपाळला न्या. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइड इंडियाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कंपनी भारतीय, पण तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे. दुर्घटना झाल्यावर मूळ कंपनीचा बचाव असा की कारखाना आमचा नाही, त्या वेगळ्या व्यक्तीचा आहे. म्हणजे सॉलोमनचीच भिंत. फेब्रुवारी १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ साली मूळ कंपनीने आपला हिस्सा विकला, भारतीय कंपनीचे नाव बदलले, आणि २००१ साली मूळ कंपनीच डाऊ केमिकलच्या मालकीची झाली. डाऊ म्हणते, आम्ही तर तेव्हा नव्हतोच. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांना त्याच दिवशी जामीन मिळाला. आणि दोषी ठरलेल्या कंपनीला दंड झाला सुमारे पाच लाख रुपये. हजारो माणसे मेली, ज्यांच्या फुप्फुसांत तो वायू गेला त्यांचे दुखणे पुढच्या पिढीपर्यंत पोचले, आणि हा हिशेब पाच लाखांचा. कायदेशीर व्यक्ती दोन होऊ शकते, विकली जाऊ शकते, नाव बदलू शकते, दुसरीत विरघळू शकते. माणसाला यातले काहीही करता येत नाही. त्याला एकच शरीर असते, ते पकडता येते, आणि ते मरते. ज्याला वेदना होत नाही आणि ज्याचे आयुष्य संपत नाही, त्याच्याशी माणसाची बरोबरी करायची तर ती माणसाच्याच अंगावर येते.

वकील : भोपाळची लाज प्रत्येकाला वाटली पाहिजे; मलाही वाटते. पण त्याचे खापर व्यक्तित्वाच्या तत्त्वावर फोडू नका. न्यायालयांकडे पडदा फाडायचे अधिकार होतेच. मुंबईत सर दिनशा पेटिट यांनी सुपर टॅक्स चुकवायला चार खासगी कंपन्या काढल्या, आपली गुंतवणूक त्यांच्या नावे केली, आणि उत्पन्न कर्ज म्हणून स्वतःकडे परत घेतले; उच्च न्यायालयाने ते सोंग उघडे पाडले. भावनगरच्या एका रबर कंपनीने बोनस कमी द्यावा लागावा म्हणून नफा देणारे भाग उपकंपनीकडे वळवले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही चालू दिले नाही. साधने आहेत, ती वापरली गेली नाहीत. आणि कंपनी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कार्बाइड येते. महाराष्ट्रात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. २००२च्या दुरुस्तीने कायद्याने ते रूप दिले. द्राक्ष-टोमॅटो उत्पादकांना व्यापाऱ्याशी बरोबरीने बोलायला हेच व्यक्तित्व उपयोगी पडते. कंपनीचे संरक्षण पातळ केलेत तर पहिला फटका त्यांना बसेल. मोठ्यांकडे वकिलांची फौज असते.

अभ्यासक : शेतकऱ्याचे नाव निघाले ते बरे झाले, कारण आपला कायदा कोणाला किती जपतो हे कर्जातच सर्वांत उघड दिसते. २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. तीत कंपनीसाठी मुदतबंद रस्ता आहे : कर्जवसुली थांबते, व्यावसायिक माणूस ताबा घेतो, पुनर्रचना होते, आणि उरलेले कर्ज बँका सोडून देतात. नवा मालक कोऱ्या पाटीवर सुरू करतो. त्याच संहितेत माणसांसाठी तिसरा भाग आहे. कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो २०१९च्या डिसेंबरात लागू झाला. इतर माणसांसाठी तो आजतागायत लागू केलेला नाही. मुंबईत राहणाऱ्या कर्जबाजारी माणसाला अजून १९०९चा प्रेसिडेन्सी नगरांचा कायदा, आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला १९२०चा प्रांतिक कायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जदाराला अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवायची तरतूद आहे. नुसत्या गरिबीपायी कोणाला तुरुंगात टाकू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला १९८० साली सांगावे लागले. कंपनीला असा निकाल लागतच नाही. शेतकऱ्यांच्या कंपनीचे मर्यादित दायित्व मी काढायला निघालेलो नाही. उलट त्या कंपनीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला, माणूस म्हणून, तिच्याइतकी तरी नवी सुरुवात करायची सोय मिळाली पाहिजे असे म्हणतो. आणि कायदा भेद करायला शिकला आहे, हेही नोंदवतो. माहितीचा अधिकार कायद्याच्या कलम ३ने नागरिकांना मिळतो. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ज्याची माहिती जपायची तो माणूसच आहे. कंपनीची व्यापारी गुपिते जपायला दुसरे कायदे आहेत. एकान्त माणसाला लागतो.

वकील : मग मूळ मुद्द्यावर, देणगीवर येऊ. कंपनी कर भरते. सरकारी धोरणाने ती जगते किंवा मरते. तिला मत नाही. निदान आपल्याला पटणाऱ्या पक्षाला मदत करायची मुभा तरी तिला असावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांचा निवडणुकीतला स्वतंत्र खर्च बंधनमुक्त केला, तो याच विचाराने. आणि तुमच्या समतेचे काय? एखादा अब्जाधीश आपल्या खिशातून पक्षाला वाटेल तेवढे देऊ शकतो. मर्यादा फक्त कंपनीला. पैशाचा प्रभाव वाईट असेल तर तो दोन्हींचा वाईट.

अभ्यासक : अब्जाधीशाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. माणसाच्या देणगीवरही मर्यादा हवी. पण एक भोक बुजवले नाही म्हणून दुसरे मोठे भोक पाडावे असे होत नाही. आता कंपनीकडे पाहू. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टीलला आपल्या घटनापत्रात राजकीय देणग्यांची तरतूद घालायची होती. एका भागधारकाने विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी दुरुस्ती मंजूर केली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण परवानगी देणाऱ्या त्याच निकालपत्रात त्यांनी संसदेला उघड इशारा दिला की कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जाऊ देण्यात लोकशाहीला मोठा धोका आहे. पुढचा इतिहास त्या इशाऱ्याभोवतीच फिरला. १९६०मध्ये मर्यादा, १९६९मध्ये पूर्ण बंदी, १९८५मध्ये पाच टक्क्यांपर्यंत मोकळीक, २०१३मध्ये साडेसात टक्के, आणि २०१७मध्ये मर्यादाच गायब. शेवटच्या टप्प्यावर तोट्यातली कंपनीही हवे तेवढे देऊ शकत होती. माणूस तोट्यात असताना देणगी देतो ती श्रद्धेपोटी, असे म्हणता येईल. तोट्यातली कंपनी कोट्यवधी देते तेव्हा ती कशापोटी देते? २०२४च्या निकालाने हेच विचारले. माणसाच्या देणगीत पक्षाविषयीची आपुलकी असू शकते. कंपनीची देणगी हा निव्वळ व्यवहार असतो आणि त्यात परतफेडीची अपेक्षा असते, असे न्यायालयाने म्हटले. कंपनीचा कायदा तरी दुसरे काय सांगतो? संचालकांनी कंपनीचे हित पाहावे, हे त्यांचे कर्तव्य आहे. म्हणजे परतफेडीची अपेक्षा नसलेली मोठी देणगी हा भागधारकांशी अन्याय, आणि अपेक्षा असलेली देणगी हा मतदारांशी.

वकील : ही कोंडी तुम्ही चांगली पकडलीत. पण साडेसात टक्क्यांची मर्यादा आता परत आली आहे. आणखी काय हवे?

अभ्यासक : संमती. कलम १८२प्रमाणे देणगीला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ज्यांचे पैसे जातात त्या भागधारकांना कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये राजकीय देणगीसाठी सभासदांची मंजुरी लागते. आपल्याकडे निदान तेवढे व्हावे : सर्वसाधारण सभेत पक्षाचे नाव आणि रक्कम सांगून विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मते.

वकील : आणि त्या सभेत मते कोणाची असतील? आयुर्विमा महामंडळाची, म्युच्युअल फंडांची, भविष्यनिर्वाह निधीची. ठाण्यातला निवृत्त शिक्षक आपल्या पॉलिसीतून पन्नास कंपन्यांचा सूक्ष्म मालक असतो आणि त्याला पत्ताही नसतो. त्याचे मत कोण देणार? महामंडळच देणार, आणि महामंडळ सरकारच्या मालकीचे आहे.

अभ्यासक : तेच सांगायचे होते. त्या शिक्षकाला विचारायची सोय जर कुठेच नसेल, तर त्याच्या नावाने पक्षाला पैसे द्यायचा अधिकार ना महामंडळाला पोचतो, ना कंपनीला. अशा भागांची मते देणगीच्या ठरावात मोजूच नयेत. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांत मग विशेष ठराव होणे जवळजवळ अशक्य होईल, आणि व्यवहारात १९६९ची बंदी परत येईल, हे मला माहीत आहे. मला ते चालेल. कंपनीच्या अध्यक्षाला, संचालकाला, शिपायाला आणि त्या शिक्षकाला आपापल्या खिशातून, आपापल्या नावाने, हव्या त्या पक्षाला पैसे देता येतीलच.